स्वस्त घर, महाग वाट

घर कोठे घ्यावे हा प्रश्न प्रापंचिकांचा. त्यात धर्मगुरूने तोंड घालू नये, असा एक समज आहे आणि तो बव्हंशी बरोबरही आहे. आमच्या डोक्यावर ना घराचे कर्ज, ना मुलांच्या शाळाप्रवेशाची चिंता. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामातील तीन कुटुंबांची मुले अमेरिकेतील न्यू जर्सी सोडून दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या उपनगरांत जाऊन राहिली. चौथे कुटुंब निघण्याच्या तयारीत आहे. प्रत्येक वेळी म्हातारे आईवडील नव्या घराची छायाचित्रे घेऊन आमच्याकडे येतात. ‘‘फादर, तुम्ही तिकडे राहून आला आहात. घर चांगले आहे ना?’’ घर चांगलेच असते. प्रश्न घराचा नाहीच, असे आमचे ठाम मत आहे, आणि ते कोणास रुचो वा न रुचो, स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

आधी त्या शहराची बाजू न्यायाने सांगितली पाहिजे. 1837 साली लोहमार्गाचा शेवट जेथे ठरला, त्या रानातल्या खुंटाभोवती अटलांटा वसले. 1864 मध्ये यादवी युद्धात ते जाळले गेले आणि राखेतून पुन्हा उभे राहिले. 1886 साली कोका-कोला तेथेच जन्मास आले. आज जगातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत तेथील विमानतळाची गणना होते. मोठ्या कंपन्या आहेत, नामांकित विद्यापीठे आहेत, थंडी सौम्य आहे. न्यू जर्सीत ज्या पैशांत जुने, अडचणीचे घर मिळते त्यात येथे चार शयनगृहांचे नवे घर मिळते, हेही खरे. ज्यांचे आजे-पणजे दक्षिणेतील अन्यायाला कंटाळून उत्तरेकडे गेले, अशा कृष्णवर्णीयांची कुटुंबेही 1970 नंतरच्या दशकांत मोठ्या संख्येने दक्षिणेत परतू लागली. तेव्हा हा ओघ मूर्खांचा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

पण ‘अटलांटाला जातो’ म्हणणारा मनुष्य नेमका कोठे जातो? 1970 च्या जनगणनेत अटलांटा शहराची वस्ती सुमारे 4 लाख 97 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 4 लाख 99 हजारांच्या आत आहे. पन्नास वर्षांत शहर आधी रोडावले आणि मग कसेबसे पूर्वपदावर आले. महानगर मात्र 61 लाखांपर्यंत फुगले. म्हणजे महानगरातील दर बारा माणसांपैकी अकरा अटलांटा शहरात राहतच नाहीत. ती राहतात भोवतालच्या परगण्यांत. ग्विनेट परगण्यात 1970 साली 72 हजार माणसे होती. 2020 मध्ये 9 लाख 57 हजार झाली. फोर्साइथ परगणा 17 हजारांवरून अडीच लाखांवर गेला. जे वाढले ते शहर नव्हे. तांबड्या मातीवरचे पाइनचे रान तोडून मांडलेला घरांचा तो एक अफाट पसारा आहे.

या पसाऱ्याची घडण समजून घेतली पाहिजे. पन्नास-शंभर घरांची एक वसाहत, तिला एकच प्रवेशमार्ग, आतील गल्ल्या पुढे बंद. शेजारच्या वसाहतीतील मित्राचे घर मागच्या कुंपणावरून दिसते, पण तेथे जायचे तर मुख्य रस्त्यावरून मैलभर वळसा. त्या रस्त्याला बहुधा पदपथ नसतो. दूध आणायचे तर मोटार, मुलाला खेळायला न्यायचे तर मोटार, मिस्सेला जायचे तर मोटार. जाहिरातीत ‘शहर केवळ चाळीस मिनिटांवर’ असे छापलेले असते. ती चाळीस मिनिटे रविवारच्या पहाटेची असतात. सोमवारी सकाळी आठ वाजता तोच रस्ता दीड तास मागतो, संध्याकाळी पुन्हा तेवढाच. घराची किंमत दलाल सांगतो. या तासांची किंमत कोणी सांगत नाही, आणि ती तीस वर्षांच्या कर्जाच्या हप्त्यांबरोबर दररोज फेडावी लागते.

28 जानेवारी 2014 या दिवशी तेथे जेमतेम अडीच इंच बर्फ पडले. कचेऱ्या आणि शाळा दुपारी एकदमच सुटल्या, सारे महानगर त्याच मोजक्या रस्त्यांवर आले आणि तेथेच गोठले. हजारो माणसांनी रात्र मोटारीत काढली. मुले शाळांच्या जमिनीवर झोपली. 30 मार्च 2017 रोजी एका महामार्गाचा पूल खालच्या आगीने कोसळला आणि सहा आठवडे शहराची दैना झाली. उत्तरेकडील शहरे यापेक्षा कितीतरी अधिक बर्फ झेलतात, तेव्हा दोष आभाळाचा नव्हता. दुसरी वाटच ठेवलेली नाही, हा तो दोष होता.

ही दुसरी वाट का नाही? येथे आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. ती दैवाने नाकारली नाही, मतपेटीने नाकारली. महानगराच्या लोहमार्गासाठी ‘मार्टा’ ही संस्था 1965 साली स्थापन होत असताना कॉब परगण्याने बाहेर राहणे पसंत केले. 1971 मध्ये फुल्टन आणि डीकॅल्ब या परगण्यांनी त्यासाठी कर स्वीकारला. क्लेटन आणि ग्विनेट यांनी नाकारला. 1979 मध्ये गाड्या धावू लागल्या, त्या होकार देणाऱ्यांच्याच हद्दीत. क्लेटनने चूक ओळखून 2014 मध्ये होकार दिला. ग्विनेटने मात्र 1990, 2019, 2020 आणि 2024 या चारही वेळी वाहतुकीचा नवा कर फेटाळला. 2024 मध्ये कॉबनेही तेच केले. कराचा बोजा हे एक कारण होते, आणि ते प्रामाणिकही असू शकते. पण दुसरे कारण त्या काळी उघड बोलले जाई: गाडी आली की शहरातील कृष्णवर्णीय गरीब आपल्या दारी येतील. ‘द्वेष करायला वेळ नसलेले शहर’ अशी ज्या शहराची ख्याती त्याच्या नगराध्यक्षांनी पसरवली, त्याच्या उपनगरांना भीती बाळगायला मात्र भरपूर वेळ मिळाला.

आता त्याच उपनगरांत आपली माणसे नागरिक झाली आहेत आणि मतदान करीत आहेत. त्यांतील कितीएकांच्या वडिलांनी विरारच्या लोकलला लोंबकळून जन्म काढला. त्या गाडीने संसार उभे केले, मुलांना महाविद्यालयात पोहोचवले. त्या गाडीच्या कमाईवर शिकलेल्या मुलाने परक्या देशात ‘आमच्याकडे गाडी नको’ या चिठ्ठीवर शिक्का मारावा काय? कोणी मारला, हे आम्हांस ठाऊक नाही, आणि विचारण्याचा अधिकारही आम्हांस नाही. ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

‘चांगली शाळा’ हा त्या स्थलांतराचा दुसरा मंत्र. त्यापायी आपली पुष्कळ कुटुंबे फोर्साइथ परगण्यात उतरतात. तेथील वस्तीत आज सुमारे अठरा टक्के लोक आशियाई वंशाचे आहेत, आणि त्यांत भारतीय फार. शाळा खरोखरच चांगल्या आहेत. परंतु ज्या जमिनीवर त्या उभ्या आहेत तिचा सातबारा आपल्याकडच्या माणसाने वाचायला नको काय? 1912 साली एका तरुणीच्या खुनानंतर त्या परगण्यातील कृष्णवर्णीयांवर गोऱ्या टोळ्या तुटून पडल्या. एकाला जमावाने ठार केले, दोन पोरसवदा मुलांना घाईघाईच्या खटल्यानंतर फासावर चढवले, आणि सुमारे अकराशे माणसांना रातोरात घरे, शेते, प्रार्थनामंदिरे सोडून पळावे लागले. पुढे कित्येक दशके कृष्णवर्णीयाला तेथे वस्ती करता आली नाही. जानेवारी 1987 मध्ये बंधुत्वाचा एक लहानसा मोर्चा तेथे गेला, तेव्हा त्याच्यावर दगड पडले. आठवड्याने सुमारे वीस हजार माणसे चालून गेली, तेव्हा कोठे जगाचे लक्ष वेधले. ही गोष्ट आजच्या पिढीच्या आईबापांच्या हयातीतली आहे. आपल्या माणसाने ते पाप केले नाही, हे उघड आहे. पण आपले अंगण कोणाच्या पडक्या चुलीवर आहे हे न जाणता ‘किती शांत, किती सुरक्षित परगणा!’ असे म्हणणे, ही निरागसता नव्हे. आपल्या मुलाला त्या चांगल्या शाळेत गणित शिकविताना ही बेरीजही शिकवावी.

‘पण तेथे प्रत्येकाला वर चढण्याची संधी आहे,’ असे आम्हांस सांगण्यात येते. पदवी घेऊन उतरलेल्याला आहे, यात शंका नाही. तेथेच गरिबाच्या पोटी जन्मलेल्याचे काय? राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर आहे. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातील मूल मोठेपणी सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शात पोहोचण्याचे प्रमाण कॅलिफोर्नियातील सॅन होजेत शेकडा 12.9 होते, अटलांटात शेकडा 4.5. वस्त्यांची फाळणी जेथे तीव्र तेथे ही शिडी आखूड, असेही त्यांना आढळले. जे शहर बाहेरून आलेल्यांना वर घेते आणि आपल्याच लेकरांना तळाशी ठेवते, त्याच्या भरभराटीचे गोडवे गाताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

आणि आता घरातल्या गरिबांविषयी. म्हणजे ज्यांना मोटार चालवता येत नाही त्यांच्याविषयी. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तेथील एका धर्मग्रामात आम्ही बदली सेवेस होतो. आपल्याच किनाऱ्याकडचे एक वृद्ध जोडपे सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. गावी त्या गृहस्थांची वाडी, विहीर; उंबरठा ओलांडला की दहा जण हाक मारणारे. तेथे मुलगा आणि सून सकाळी सातला बाहेर पडत. दुपारी हे गॅरेजचे मोठे दार उघडून आत खुर्ची टाकून बसत. कोणी जाता-येता दिसेल, बोलेल, या आशेने. दिसत त्या मोटारी. एक दिवस ते धीर करून मुख्य रस्त्याच्या कडेने चालत निघाले. गस्तीच्या पोलिसाला वाटले, म्हातारा वाट चुकला. त्याने अदबीने गाडीत बसवून घरी आणून सोडले. हसत हसत ही हकीकत सांगून ते आम्हांस म्हणाले, ‘‘फादर, घर राजवाड्यासारखे आहे. पण राजवाड्यातही दोन प्रकारची माणसे राहतात, राजे आणि नजरकैदी.’’ यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

पाण्याचाही एक शब्द सांगितला पाहिजे. महानगराची तहान मुख्यतः लेनियर जलाशयावर भागते. 2007 च्या दुष्काळात तो इतका आटला की राज्याच्या गव्हर्नरांनी विधानभवनासमोर पावसासाठी जाहीर प्रार्थना केली. प्रार्थना आम्हांस गैर कशी वाटेल? परंतु नव्या वसाहतींना बेसुमार परवाने देताना जे गुडघे टेकले नाहीत, ते पाणी संपल्यावर टेकणे ही भक्ती थोडी उशिराची होय.

‘मग जाऊच नये काय?’ असे कोणी विचारील. जावे. पोटासाठी स्थलांतर करणाऱ्याला अडवण्याचे पाप आम्ही करणार नाही. आपला समाज स्थलांतरितांच्या कष्टांवरच वाढला आहे. आमचे म्हणणे एवढेच की बांधकामास हात घालण्यापूर्वी बसून खर्च मोजणारा मनुष्य शुभवर्तमानातही शहाणा ठरला आहे, आणि खर्च म्हणजे केवळ डॉलर नव्हेत. घर पाहायला रविवारी जाऊ नये. सोमवारी सकाळी आठ वाजता त्या घरापासून कचेरीपर्यंत स्वतः मोटार हाकून पाहावी. आई पायी कोठवर जाऊ शकेल, हे आईला बरोबर नेऊन पाहावे. दुसऱ्या मोटारीचा हप्ता, विमा, इंधन आणि वसाहतीच्या संघाची वर्गणी घराच्या हप्त्यात मिळवून मग ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारावा. डीकॅटर, शॅम्ब्ली, डोराव्हिल अशी गाडीच्या स्थानकाची गावेही त्याच महानगरात आहेत. तेथे त्याच पैशांत घर लहान मिळेल. पण म्हाताऱ्याला पाय मोकळे करता येतील आणि मुलाला संध्याकाळी बाप दिसेल. आणि जेथे राहायचे तेथील मतपत्रिकेवर पुन्हा गाडीचा प्रश्न आला, तर शेजाऱ्याची भीती बाळगून मत देऊ नये. आपणही कोणाच्या तरी भीतीचे विषय होतो, हे विसरण्याइतके दिवस अजून लोटलेले नाहीत.

गेल्या महिन्यात त्या चौथ्या कुटुंबाचे वडील छायाचित्रे घेऊन आले. स्वयंपाकघर, जिना, मागचे हिरवेगार अंगण, सारे दाखवून झाले. आम्ही विचारले, ‘‘दारासमोरच्या रस्त्याचे चित्र आहे काय?’’ ते नव्हते. त्यांनी मुलाला ते मागवले आहे. ते आले की आम्ही दोघे मिळून पाहणार आहोत.