विरोधी पक्षाला मोजायचे कशाने?

स्थानिक निवडणुकांचे निकाल लागले की विरोधी पक्षाच्या जागांची बेरीज होते आणि त्या बेरजेवरून त्याचे भवितव्य वर्तविले जाते. ही फूटपट्टी खोटी नाही; अपुरी मात्र आहे.

मे 1981 मध्ये ब्रिटनमधील मजूर पक्षाने, देशात विरोधी बाकांवर असताना, बृहत् लंडन परिषदेच्या 92 पैकी 50 जागा जिंकल्या. दोनच वर्षांनी सार्वत्रिक निवडणुकीत त्याच्या वाट्याला अवघ्या 209 जागा आल्या. परिषद जिंकणे म्हणजे देश जिंकण्याची हमी नव्हे. तरीही तो विजय व्यर्थ गेला असे कोण म्हणेल? त्या परिषदेने बस व भुयारी रेल्वेची भाडी सुमारे एक तृतीयांशाने उतरविली. न्यायालयाने निर्णय रद्द ठरविल्यावर कायद्यात बसणारी वाट शोधून 1983 मध्ये ती पुन्हा कमी केली. अखेर 1986 मध्ये थॅचर सरकारने परिषदच मोडीत काढली. सत्ताधाऱ्यांना विरोधकांच्या जागांपेक्षा त्यांच्या कामाची धास्ती अधिक असते, हा त्यातील बोध.

आपल्याकडे परिषद मोडीत काढावी लागत नाही. निवडणूक न घेतली की पुरते. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद निमित्त झाला. निवडणुका घ्या, असे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले. मेळघाटात बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न दशकानुदशके धगधगतो आहे. अशा स्थितीत सेमाडोहच्या कोरकू मायने अंगणवाडीतील आहार, आरोग्य केंद्रातील औषध आणि शाळेतील गुरुजी यांविषयी त्या तीन वर्षांत कोणत्या सदस्याला जाब विचारायचा होता? 1962 साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या जाब विचारण्याचा हा हक्क गावापर्यंत पोहोचावा म्हणूनच ना?

मुदत संपली तेव्हा आज विरोधात असलेले पक्षच मुंबईत सत्तेवर होते. पुढे सत्ता गेली, पण गमावलेली जिल्हा परिषद हा त्यांनी गावोगावच्या लढ्याचा विषय केला नाही. माझ्या मते त्यांचा खरा पराभव मतपेटीपूर्वीच झाला होता.

आम्हां समाजवाद्यांनाही ही कसोटी चुकत नाही. किती जागा आल्या, हे निकालाच्या दिवशी कळते. निकालानंतर सेमाडोहला पुन्हा कोण गेले, हे पाच वर्षे पाहावे लागते. विरोधी पक्षाची गुणपत्रिका तेथे लिहिली जाते.