फाटा काढण्याआधी विचार करा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी. सायझिंग किंवा डाईंगचा कारखाना वाढवायचा म्हटला की बॉयलरच्या मुख्य लाइनमधून वाफेचा नवा फाटा काढावा लागतो. नव्या यंत्राची चौकशी आपण महिनाभर करतो. फाटा मात्र फॅब्रिकेटरवर सोडून देतो, आणि विचारतो फक्त भाव. माझ्या मते ही बचत फसवी आहे. तिची किंमत कामगाराला जिवाने मोजावी लागू शकते.

कपड्याच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको. कुडत्याच्या गळ्याला चीर दिली की शिंपी तिला पट्टी लावतो, नाहीतर ती फाटत जाते. नळीचेही तसेच आहे. भोक पाडले की दाब पेलणारे लोखंड तेथून निघून जाते. जेवढे निघाले तेवढे बळ भोकाभोवतीच परत द्यावे लागते. गॅस कटरने भोक पाडून वर नळी चिकटवली, तर हे बळ कोठून येणार? मूळ नळी पुरेशी जाड आहे, असा हिशेब कोणी कागदावर करून दिला तरच असा साधा सांधा मान्य करावा.

बळ परत देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला तयार ‘टी’. फाटा मुख्य नळीएवढा किंवा जवळपास तेवढा असेल तर हीच उत्तम, कारण तिच्या सांध्यांचा एक्स-रे नीट निघतो. दुसरा वेल्डोलेट. फाटा बराच लहान असेल तेव्हा ही घडीव फिटिंग सोयीची. जाडी तिच्या अंगातच असते. तिच्यावर दोन्ही नळ्यांचे माप कोरलेले असते, ते वाचूनच घ्यावी. भलत्या मापाची बसवून मधली फट वेल्डिंगने भरणे म्हणजे धोका विकत घेणे. तिसरा मार्ग भोकाभोवती लोखंडी पॅड. लोखंडाचा खर्च कमी, पण वेल्डिंग जास्त. पॅडला बारीक भोक हवेच. वेल्डिंगच्या वेळी कोंडलेली हवा तेथून निघते आणि पुढे आतला सांधा गळू लागला तर तेथूनच कळते.

पॉलिएस्टर १३० अंशांवर रंगवणारे बंद यंत्र हेसुद्धा दाबपात्रच आहे. ते स्टेनलेसचे असेल तर फिटिंग आणि वेल्डिंगची सळईही त्याच जातीची हवी. सॉकेटच्या सांध्यात बारीक खाच राहते, तिथे रंग साचतो. म्हणून रंगाच्या लाइनवर समोरासमोर जोडलेला सांधा बरा.

साडेतीन किलोहून जास्त दाबाची, किंवा आतून २५४ मिलिमीटरहून मोठी आणि एक किलोहून जास्त दाबाची वाफेची नळी १९५० च्या बॉयलर नियमावलीत मोडते. अशा लाइनवर फिटिंगबरोबर फॉर्म ३-सीचा दाखला हवा, वेल्डर प्रमाणित हवा, आणि बदल करण्याआधी बाष्पके संचालनालयाला कळवायला हवे. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, म्हणून तपासणी सुटली असे कोणी समजू नये.

आपले कित्येक कारीगर बांधव वेल्डिंगवर घर चालवतात. त्यांच्या हातात कसब आहे, पण प्रमाणपत्र नसल्याने मोठी कामे दुसरीकडे जातात. त्यांनी परीक्षा द्यावी आणि मालकांनी त्यासाठी चार दिवसांची रजा व फीचे पैसे द्यावेत. हा दोघांच्याही फायद्याचा सौदा आहे.

मालक बंधूंनी कोटेशन घेताना चार गोष्टी लिहून मागाव्यात: फाट्याचा प्रकार, फिटिंगचा दाखला, वेल्डरचा दाखला आणि पाण्याच्या दाबाची चाचणी. जो हे लिहून देणार नाही, त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो महागच समजावा.