डावीकडची खिडकी

विमानात खिडकीची जागा मागून घेणे हा लहान मुलांचा हट्ट होय, जाणत्या माणसाने वाटेलगतची जागा पत्करावी म्हणजे उठणे-उतरणे सोयीचे पडते, अशी एक समजूत आपल्या विमानप्रवाशांत हळूहळू रूढ होत चालली आहे. आणि ज्या हिंगोली-नांदेडच्या मुलखाला विमानप्रवास आटोक्यात येऊन जेमतेम काही वर्षे लोटली आहेत, तेथेही ती इतक्या त्वरेने रुजावी याचा मला मनापासून खेद वाटतो. आपल्या भूमीचे जे दर्शन आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणालाही घडले नाही, ते समोर उलगडत असता खिडकीची झडप ओढून घ्यावी आणि हातातल्या यंत्रावर कालचीच चित्रे पुन्हा पाहत बसावे, यात आपण काय गमावतो याचा हिशेब एकदा तरी मांडावयास हवा.

हिंगोली जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ नाही. आपला विमानतळ तो नांदेडचा, श्री गुरु गोविंदसिंघजींच्या नावाचा. गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने 2008 साली त्याला आजचे रूप आले, आणि 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेतील देशातल्या पहिल्या काही उड्डाणांत नांदेड-हैदराबाद हे उड्डाण समाविष्ट झाले. त्या मार्गावर त्या वेळी पंख्याची विमाने असत. त्यांचे पंख खिडकीच्या वरच्या अंगास असल्यामुळे खालचा मुलूख कोणत्याही अडथळ्यावाचून दिसे, आणि ती विमाने फार उंच जात नसल्यामुळे गावे, रस्ते, ओढे सहज ओळखता येत. पुढे जेट विमाने आली, पंख खिडकीच्या खाली गेले, आणि जागा निवडताना थोडा विचार करण्याची गरज निर्माण झाली.

नांदेडहून उत्तरेकडे, दिल्लीजवळच्या हिंडनकडे वा त्याही पलीकडे पंजाबातील आदमपूरकडे जाणाऱ्या मार्गाचा विचार करू. नकाशावर नांदेड आणि हिंडन ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, आणि त्यांना जोडणारी सरळ रेषा आपल्या जिल्ह्याला दक्षिणोत्तर छेदून जाते. विमान त्या रेषेवरूनच जाईल असा करार वैमानिकाने कोणाशी केलेला नसतो. हवामान आणि नियंत्रण-कक्षाचे हुकूम यांप्रमाणे ते थोडेफार इकडेतिकडे होते. तथापि सामान्यतः असे म्हणता येईल की, उड्डाणानंतर लवकरच डाव्या हाताला वसमतचा हळदीचा प्रदेश येतो, त्याच्या पलीकडे औंढा नागनाथाभोवतीचा डोंगराळ पट्टा, मग कळमनुरी जवळजवळ पायांखाली, हिंगोली शहर डावीकडे, आणि पैनगंगा अडवून केलेला इसापूरचा जलाशय उजवीकडे. हे सारे पहिल्या दहा-बारा मिनिटांत घडते. विमान त्या वेळी अजून चढत असते, म्हणून खालचे सर्व मोठे आणि स्पष्ट दिसते. ते आपल्या पूर्ण उंचीवर स्थिरावेपर्यंत आपला जिल्हा मागे पडून वऱ्हाड सुरू झालेला असतो. ज्याने ती दहा मिनिटे पट्टा बांधण्यात आणि पिशवी सारण्यात घालविली, त्याने हिंगोली पाहिलीच नाही.

आता कोणी विचारील की, जो मुलूख आम्ही पायी तुडविला, ज्याच्या बांधाबांधावरून आमचे दावे चालले, तो आणखी वरून पाहून काय साधणार? माझे उत्तर असे की, तो आपण तुडविला हे खरे, परंतु तुकड्यातुकड्यांनी. आपल्या मनातील जमीन ही बहुतांशी दफ्तरातील जमीन आहे: गट क्रमांक, सातबारा, फेरफार, शिवार, तालुक्याची हद्द. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा काढलेला हा जिल्हा आपण कचेरीच्या कागदांतून ओळखतो; पाण्याच्या वाटेने तो कसा रचला गेला आहे हे कोणत्याही एका बांधावर उभे राहून कळणे शक्य नाही. खिडकीतून मात्र एका दृष्टिक्षेपात कळते की, औंढ्याच्या डोंगरपट्ट्याच्या एका अंगाचा पाऊस पूर्णेकडे उतरतो आणि पूर्णा त्याला थेट गोदावरीच्या स्वाधीन करते. दुसऱ्या अंगाचा पाऊस कयाधूत पडतो, कयाधूतून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, आणि अखेर सिरोंच्याजवळ, शेकडो मैलांचा वळसा घेऊन, त्याच गोदावरीला मिळतो. एकाच डोंगरावर एकाच सरीत पडलेल्या दोन थेंबांची ही एवढी दीर्घ ताटातूट शाळेत भूगोलाच्या तासाला मी पाठ केली होती. ती खरोखर समजली ती मात्र वरून पाहिल्यावर. पाणलोट, नाला-बंडिंग, शेततळे हे शब्द आपल्या सरकारी योजनांत इतक्या वेळा येतात की त्यांचे चित्रच मनातून पुसले गेले आहे. ज्या गावाला आपल्या ओढ्याचे मूळ ठाऊक नाही, त्या गावाने पाणी अडवायचे तरी कोठे? ग्रामसेवकाला, सरपंचाला, कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला विमानाने जाण्याचा योग आलाच, तर त्याने ही जागा सोडू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आणि सगळ्याच सरहद्दी वरून अदृश्य होतात असेही नाही. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड अशी जी विभागणी दीर्घकाळ होती, तिची रेषा आजही पाण्याच्या रूपाने तेथे तशीच पडलेली आहे. हिंगोलीस निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती, याची आठवण त्या रेषेकडे पाहताना झाल्यावाचून राहत नाही.

कोणत्या बाजूची खिडकी, हा प्रश्न सूर्यावरही अवलंबून आहे. सकाळच्या उत्तरगामी विमानात सूर्य उजवीकडे असतो. अशा वेळी डावीकडे बसणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही, आणि समोरच्या भूमीवर तिरपा प्रकाश पडून कातळाच्या थरांच्या पायऱ्या, ज्यांनी दख्खनच्या पठाराचा मोठा भाग बांधला आहे, आपापल्या सावल्यांसह उठून दिसतात. दुपारी ही स्थिती उलटते. तथापि सूर्याकडच्या खिडकीचेही एक वेगळे मोल आहे: रंग फिके पडतात खरे, पण पाणी तेवढे चकाकते. सिद्धेश्वर आणि त्याच्या वरचा येलदरी हे पूर्णेवरचे दोन जलाशय, पाझर तलाव, प्लास्टिक अंथरलेली लहानशी शेततळी, सारे क्रमाक्रमाने लखलखत जातात, आणि कोणत्या शिवारात पाणी उरले आहे व कोणत्या शिवारात नाही याचा जणू पंचनामाच डोळ्यांसमोर होतो.

ऋतूंपैकी माझे मत कार्तिक-मार्गशीर्षाच्या बाजूचे आहे. उन्हाळ्यात धुळीने क्षितिज मळकट होते. पावसाळा सरल्यावर मात्र हवा धुतलेली असते, सोयाबीनची रिकामी झालेली काळी राने आणि त्यांच्यामधून अजून हिरवीगार उभी असलेली हळद असा फरक वसमतवरून जाताना स्पष्ट उमटतो, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद प्रत्यक्षात किती कालव्यांच्या व विहिरींच्या आधाराने उभी आहे हेही दिसते. पावसाळ्यात जमीन दिसत नाही म्हणून निराश होण्याचे मात्र कारण नाही. सूर्याच्या विरुद्ध बाजूस बसावे आणि खालच्या ढगांवर पडलेल्या विमानाच्या सावलीकडे पाहत राहावे. तिच्याभोवती पुष्कळदा सप्तरंगी वलय उभे राहते. हेच ते इंद्रवज्र, जे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने पाहिले, आणि ज्यासाठी आजही गिर्यारोहक पावसाळ्यात तेथे ताटकळत उभे राहतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. पंखावरची जागा टाळावी. पंखाच्या पुढची उत्तम, कारण इंजिने पंखाखाली असलेल्या विमानात त्यांच्या मागे तापलेल्या हवेने दृश्य थरथरते. काही रांगांत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, त्याची चौकशी तिकीट काढतानाच करावी. जागा निवडण्याचे जे जादा शुल्क पडते ते मला अन्यायाचे वाटत नाही, आणि घरातल्या लहान मुलासाठी ते भरावयाचे झाले तर कोणत्याही बापाने हात आखडू नये. पुणे वा आदमपूर यांसारख्या हवाई दलाच्या तळांवर झडप लावण्याची अथवा छायाचित्रे न घेण्याची सूचना झाली, तर ती निमूटपणे पाळावी.

नांदेडहून अहमदाबादकडे रेषा ओढली तर ती लोणारच्या दक्षिणेकडून, अगदी जवळून जाते; म्हणून त्या दिशेने जाताना उजवी खिडकी घ्यावी. मुंबईहून नागपूरला जातानाही लोणार उजवीकडेच, थोडे दूर राहते. उल्कापाताने बसाल्टच्या कातळात झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते वर्तुळ काठावरून पाहताना आपण त्याच्या आतल्या मंदिरांत, झाडीत आणि खाऱ्या पाण्याच्या वासात गुंततो. त्याची गोलाई किती निर्दोष आहे हे वरूनच कळते. औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा पूर्ण होईल, तेव्हा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांचा काटकोनही स्वच्छ हवेत नांदेडहून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रवाशाला डावीकडेच शोधावा लागेल.

पण डाव्या खिडकीचे सर्वांत मोठे कारण मी शेवटी राखून ठेवले आहे. हिंगोलीच्या पश्चिमेस, कयाधूच्या काठी, नर्सी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने पूजिलेले गाव. तेथून पंढरी, आणि पंढरीहून पुढे पंजाबातले घुमान, असा त्यांच्या आयुष्याचा मार्ग. त्यांची 61 पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि 2015 साली आपले साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. नांदेडहून आदमपूरला जाणारा प्रवासी आज नामदेवांचीच दिशा काही तासांत आक्रमितो. त्या विमानात नांदेडच्या हजूर साहिबचे दर्शन घेऊन परतणारे शीख यात्रेकरू बहुसंख्येने असतात. नामदेवांची वाणी ऐकत ते लहानाचे मोठे झालेले असतात, आणि तरीही ज्या खोऱ्यात त्या वाणीचा कर्ता जन्मला असे आपण मानतो, ते खोरे डाव्या हाताला सरकत असल्याची वार्ता त्यांतील किती जणांपर्यंत पोहोचत असेल? एवढ्या उंचीवरून आणि अंतरावरून गाव दिसणार नाही, हे मान्य. कयाधूचे वळणावळणाचे पात्र स्वच्छ दिवशी दिसू शकते, आणि तेवढे पुरेसे आहे.

म्हणून नांदेड आणि हिंगोली या दोन्ही जिल्हा प्रशासनांकडे माझी एक मागणी आहे. विमानतळाच्या प्रतीक्षागृहात एका भिंतीवर मोठा, सुवाच्य नकाशा लावावा: उड्डाणांच्या दिशा, त्यांच्या दोन्ही अंगांस येणाऱ्या नद्या, धरणे, डोंगर, तीर्थक्षेत्रे. त्यावर मराठीबरोबर गुरुमुखी लिपीतही अक्षरे असावीत, नर्सीचे स्थान ठळक असावे, आणि त्याच्याखाली स्पष्ट लिहावे की पंजाबकडे जाताना डावीकडे पाहा, पंजाबातून येताना उजवीकडे. खर्च एका फलकाचा आहे, आणि तो बनविण्यासाठी लागणारी सर्व माहिती महसूल व पाटबंधारे खात्यांच्या दफ्तरांत आजही हजर आहे.