वर्गणी बाईची, पावती कालकथिताची

चारकोपला आमच्या गावच्या बौद्ध मंडळाची मुंबई शाखा आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले. आमच्याकडे अशा जागेला जुवे म्हणतात. होडी लागल्याशिवाय गावात पाय पडत नाही. गिरणीत आणि गोदीत कामाला आलेली पिढी आधी परळ-नायगावच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिली. पुढे १९८५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोपला लहान लहान भूखंड पाडून दिले, तेव्हा आमची काही घरे इकडे आली. मधे चौक आणि भोवती पस्तीसेक घरे, अशा इथल्या सोसायट्या. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळाची सभा अशाच एका चौकात सतरंजी टाकून भरते.

मंडळाचे वर्ष सुरू होते एप्रिलला. १४ एप्रिलची जयंती झाली की मे महिन्यात सगळे गावी जातात आणि बुद्धपौर्णिमा तिकडेच होते. जूनला मुलांना वह्यावाटप. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, दर रविवारी एका घरी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन. मग अशोक विजयादशमी, ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर अभिवादन, ७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती, मार्चअखेर हिशेब आणि वार्षिक सभा. मधल्या काळात कुणी गेले तर जलदान विधी, शोकसभा, त्या घराला मदत.

आता हे वर्ष कुणाच्या हातांनी चालते ते पाहा. वर्षावासात ग्रंथ वाचणाऱ्या बहुतेक बाया. शंभर माणसांची भाजी चिरणाऱ्या बाया. मयताच्या घरी रात्रभर बसणाऱ्याही त्याच. आणि सभासद नोंदवहीत? ६२ नावे, त्यात बाई एकही नाही. आम्ही स्वतःला परिवर्तनवादी म्हणवतो!

आमच्या एक काकी आहेत. काका जाऊन अकरा वर्षे झाली. काकी दर महिन्याची वर्गणी घरकाम करून भरतात, एक महिना थकवलेला नाही. पावती मात्र आजही काकांच्या नावाने फाटते, नावामागे ‘कालकथित’ लावून. गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत जयंतीचा हिशेब वाचला गेला. मंडप आणि लाऊडस्पीकरवर झालेला खर्च वह्यावाटपाच्या तिप्पट होता. काकी मागच्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, “लाऊडस्पीकरचं बिल कुठाय?” व्यासपीठावरून उत्तर आले, “काकी, तुमच्या घरातला पुरुष माणूस पाठवा, त्याला दाखवू.” काकींचा एकुलता मुलगा विरारला राहतो आणि गेली पाच वर्षे सभेला फिरकलेला नाही. काकी खाली बसल्या.

मी व्यासपीठावरच होतो, मंडळाचा कायदेशीर सल्लागार म्हणून. मी गप्प बसलो. न्यायालयात समोरच्या वकिलाला एक वाक्य बिनविरोध जाऊ देत नाही, आणि इथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. सभा संपल्यावर काकींनी एवढेच विचारले, “तू वकील ना रे?”

घरी येऊन मंडळाची घटना काढली. ‘गावचा अठरा वर्षांवरील कोणीही बौद्ध रहिवासी’ सभासद होऊ शकतो, एवढेच तिच्यात लिहिले आहे. घरटी एक नाव आणि तेही पुरुषाचे, हा रिवाज आम्ही लावला. मंडळ संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली नोंदलेले आहे. त्याचे कलम १५ सांगते की, नियमाप्रमाणे दाखल होऊन ज्याने वर्गणी भरली किंवा सभासदांच्या यादीवर सही केली तो सभासद, आणि तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकली तर मत नाही. म्हणजे आमच्या मंडळात मत कुणाचे? जो हयात नाही त्याचे. आणि जी अकरा वर्षे पैसे भरते ती कुणीच नाही.

पुढच्या सभेत हे मांडले तेव्हा वरिष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “वकीलसाहेब, सून ठीक आहे, पण मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावची होते. तिचे नाव दोन मंडळांत कसे चालेल?” मी विचारले, सातबाऱ्यावर कसे चालते? हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. हा कायदा कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. (बौद्धांना हिंदू नावाचा कायदा का, याची चीड मलाही येते. पण तो वेगळा लेख होईल.) लग्न झाले म्हणून तिचा जमिनीतला हिस्सा जात नाही. मग सतरंजीवरची जागा कशी जाते?

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी हे मोठे कारण होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांशी वेगळा संवाद साधला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची स्वतंत्र परिषद भरली, तीत ते बोलले. चळवळीतल्या बाया शोधून, त्यांना बोलते करून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढले. ऊर्मिलाताई आमच्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या. जयंतीच्या भाषणात आम्ही या साऱ्यांची नावे घेतो आणि भाषण संपले की बायांना जेवण वाढायला पाठवतो. हे काम मनुवाद्यांनी येऊन केलेले नाही.

माझ्या प्रस्तावावर ठराव झाला नाही. ‘वार्षिक सभेत विचार करावा’ एवढे इतिवृत्तात आले. त्यानंतर काकी चौकाचौकांत फिरल्या. तेवीस बायांचे सभासदत्वाचे अर्ज भरून घेतले, त्यात चार लग्न झालेल्या मुली. गेल्या रविवारी त्यांनी अर्जांचा गठ्ठा आणि वर्गणीचे पैसे सतरंजीवर ठेवले. खजिनदारांनी पावतीपुस्तक उघडले, पेन हातात धरले आणि अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “पैसे घेताय ना? मग नाव विचारा.”

काकींनी स्वतःचे नाव सांगितले. पावती फाटली. खजिनदारांनी कोपऱ्यात ‘तात्पुरती’ असे लिहिले आहे. वार्षिक सभा एप्रिलच्या पहिल्या रविवारी आहे.