लांबी सरकारची, रुंदी भावकीची

गेल्या शुक्रवारी दुपारी अडीचला फोन वाजला. अडीच ही माझी कसली वेळ आहे हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको, त्या झोपेवर मागे अख्खा लेख झालाय. फोन गाडी सर्व्हिसिंगला दिली होती तिथून. गोड आवाज. ‘नमस्कार, सरांशी बोलता येईल का?’ म्हटलं, कोण सर? ‘गाडीचे मालक.’ म्हटलं, मीच. ‘तसं नाही मॅडम, गाडी वापरतात ते सर.’

गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पेन्शनमधून जातो आणि स्टिअरिंगवरही मीच असते. आमच्या घरच्या सरांना गाडी चालवता येत नाही. ते शेजारी बसून पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबतात. त्या बाजूची मॅट झिजलीय, एवढाच त्यांचा गाडीशी संबंध. हे सगळं ऐकून घेतल्यावर मुलीनं विचारलं, सेवेला दहापैकी किती गुण द्याल? मी सात म्हटलं. पलीकडे एकदम शांतता. मग हळू आवाजात, ‘मॅडम, आमच्याकडे नवाच्या खाली नापास धरतात हो.’ मी जन्मभर मालवण तालुक्यातल्या शाळांमधून गुण वाटले. दहापैकी सात मिळालेल्या पोराचे आईबाप शाळेत पेढे घेऊन येत. पण पोरीचा आवाज इतका काकुळतीला आला होता की शेवटी बाजारात बांगड्यांच्या वाट्यावर होते तशी तडजोड झाली आणि नऊवर सौदा तुटला. गाडी कशी आहे, हे मात्र तिनं विचारलंच नाही. तिच्या कागदावर तो रकाना नव्हता.

तो रकाना आज इथं भरते. गाडीचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तीच गाडी असलेले वाचक रागावतात आणि दुसरी असलेले फोन करून ‘तरी म्हटलं’ म्हणतात, तेही अडीचलाच.

ज्यांना आकडे लागतात त्यांच्यासाठी एक परिच्छेद, मग बंद. 2012च्या जुलैत रेनॉ डस्टर आली, 2015च्या जुलैत ह्युंदाई क्रेटा, आणि तेव्हापासून सव्वाचार-साडेचार मीटर लांबीची, पाच माणसांची, उंच चाकांची ही जात मध्यमवर्गाच्या अंगणात रुळली. त्याआधी आमच्याकडे मोठी गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅक्स. नाहीतर 1994ची टाटा सुमो, जिचं नाव सुमंत मूळगावकरांच्या नावाआडनावातून घेतलं. नाहीतर 2002 नंतरची नाशिकची स्कॉर्पिओ, पण ती आली की माणसं आधी आत कुठला पुढारी आहे ते बघत. 22 सप्टेंबर 2025पासून जीएसटीचा हिशेब असा: गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन लहान (पेट्रोल 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500पर्यंत) असेल तर 18 टक्के, त्याहून मोठी असेल तर 40. पूर्वी सेस धरून तो 45-50पर्यंत जायचा, म्हणून आता 40ला स्वस्ताई म्हणतात. माझी गाडी त्या स्वस्ताईच्या आधीची. वर राज्याचा रस्ता कर, तो दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे मी त्यावर चिडणार आहे.

गाडी घेतल्यावर पहिले काही महिने मालवणात मला नाव उरलं नाही. जो भेटेल तो ‘बाईनू, एव्हरेज काय देता?’ रिक्षावाल्यानं विचारलं, मासळी बाजारात विचारलं, गाडीची पूजा सांगणाऱ्या भटजींनी संकल्प आणि नारळ यांच्यामधल्या मोकळ्या वेळात विचारलं. एका घरी सुतकाला भेटायला गेले, तर गेलेल्या माणसाच्या भावानं डोळे पुसत मला फाटकापर्यंत सोडलं आणि गाडीकडे बघत तेच विचारलं. खरं उत्तर असं की कसालला हायवेला लागलं की बरी देते आणि मालवणच्या बाजारपेठेत, समोरून एसटी आणि मागून रिक्षा अशी सापडली, की पेट्रोल नुसतं पीत बसते. पण एवढं कोणी ऐकून घेत नाही. आकडा हवा असतो. मी अठरा सांगते. ‘अठराच?’ म्हणणारा आणि ‘अठरा? फेकतास’ म्हणणारा, दोघंही समाधानानं जातात.

मग सनरूफ. पुण्याच्या मुलाचा हट्ट. ‘आई, हल्ली सगळ्यांकडे असतं.’ ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस नसतो तेव्हा झावळ पडते, झावळ नसते तेव्हा नारळ, तिथं गाडीला वरून झरोका पाडण्यासाठी माणसं जादा पैसे मोजतात. त्या काचेच्या चार कोपऱ्यांना बारीक नळ्या असतात. कडेनं आत झिरपलेलं पाणी त्यांतून खाली जावं अशी योजना. ही योजना करणाऱ्यानं चिवल्याच्या किनाऱ्यावर गाडी लावली नसावी. सुरूची पानं सुईसारखी, वाऱ्यानं येतात, त्या फटीत जातात आणि नळी बुजवतात. गेल्या जूनमध्ये सर बसले होते त्या बाजूला छतातून धार लागली. त्यांनी ब्रेक दाबला. आमच्या मेस्त्रीनं बारीक वायर घालून नळी मोकळी केली आणि विचारलं, ‘बाईनू, वर उघडून बघतलास काय? माड?’ मला उत्तर सुचलं नाही. तारकर्लीच्या रस्त्यावर पर्यटकांची पोरं त्या झरोक्यातून कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडत जातात, वर विजेच्या तारा, फांद्या. मी मागून हॉर्न वाजवते, तर ती हात हलवतात.

खारी हवा हा वेगळा विषय. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी ब्रेकच्या चकत्यांवर तांबूस गंज धरलेला. पहिला ब्रेक दाबला की खर्र होतं, दोन-तीन वेळा दाबला की साफ होतो. नव्या मालकानं घाबरू नये. पण खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्यायचा कंटाळा करू नये, तो गंज वरून दिसत नाही. माहितीपत्रकात डिकी लिटरमध्ये दिलेली असते. चारशे तीस का काहीतरी. आमच्याकडे डिकी आंब्याच्या पेट्यांत मोजतात. आणि सुरमईचा बर्फाचा डबा एकदा आडवा झाला की स्टेपनीच्या खळग्यात जे पाणी साचतं, त्याचा वास पुढच्या चवथीपर्यंत गाडी विसरू देत नाही. दहापैकी किती, ते त्या मुलीनं ठरवावं.

हे सगळं चालून जातं. ज्याचं कुठल्याच परीक्षणात नाव नाही ते म्हणजे रुंदी. सरकार गाडीची लांबी मोजून कर घेतं, शोरूमवाले उंचीची तारीफ करतात, रुंदीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कागदावर एक मीटर ऐंशीच्या आसपास असते. त्यात गाडीचे कान धरत नाहीत. आरसे उघडले की ती दोन मीटर होते आणि आमची पाणंद संपते.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्या वाडीत डांबरी रस्ता देवळाच्या चव्हाट्यापर्यंत येतो आणि तिथं थांबतो. म्हणजे 12 टक्के रस्ता कर भरून रस्ता थांबतो. पुढे घरापर्यंत पाणंद, दोन्ही बाजूंना गडगे. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची रचून केलेली भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड, पावसाळ्यात वर शेवाळ. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई आणि समोरून येणारा बैल एकमेकांना अंग चोरून जातील, इतकी रुंदी आमच्या पूर्वजांनी सोडली. त्यांच्या अंदाजात चूक नव्हती. वळणावर फणस आहे, तिथं तर बैलानंही थांबावं.

गडगा हलवणं यात काही कठीण नाही. दोन गडी, एक दिवस, दगड उचलून हातभर मागं रचायचे. कठीण आहे तो सातबारा. दोन्ही बाजूंची जमीन सामायिक, पणज्याच्या नावापासून वाढत वाढत तिसांवर नावं झालेली. काही इथं, काही डोंबिवली-विरारला, एक मस्कतला, आणि बरीचशी वर गेलेली, पण कागदावरून हललेली नाहीत. जिवंत माणसाचं मन वळवता येतं. मेलेल्याची हरकत फार टिकाऊ. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, वाट अडवली असेल तर 1906चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, 1966च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, तहसीलदारांकडे अर्ज करा. म्हटलं, वकीलसाहेब, वाट कोणी अडवलेली नाही, वाट जन्मतःच अशी आहे. शिवाय अर्ज केला की त्याची नोटीस तीस जणांना जाणार, आणि आमच्या भावकीचा गणपती एकच, मूळ घरात. आरतीला कोण कोणाशेजारी उभं राहणार?

आणि आरतीला सगळे येतात. 2025च्या चवथीला तर चव्हाट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एमएच 01, 04, 43, 48, आणि मध्ये अंग चोरून माझी एमएच 07. सगळ्या याच जातीच्या, याच मापाच्या. एका चुलतदिरानं तर त्या वर्षी कोकण रेल्वेनं सुरू केलेल्या रो-रोवर गाडी चढवायचा घाट घातला होता. कोलाड ते वेर्णा, गाडीमागं 7,875 रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. म्हणजे मालवणला यायचं म्हणून कोलाडपर्यंत चालवत यायचं, रात्रभर गाडीसकट गोव्यात जायचं आणि पहाटे वेर्ण्याहून उलटं वर यायचं. नंतर नांदगाव रोडला थांबा दिला, पण तोवर त्यांचा हिशेब करून कंटाळा आला होता. ते हायवेनंच आले, कंबर धरून उतरले, आणि चव्हाट्यापासून भर पावसात बॅगा, मखराची खोकी आणि सासूबाईंची कमोडखुर्ची डोक्यावर घेऊन पाणंदीतून चालत आले. आल्याआल्या म्हणाले, ‘वहिनी, या रस्त्याचं काहीतरी करायला हवं.’

हे दरवर्षी प्रत्येक जण म्हणतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी पडवीत बैठक बसते. रस्ता व्हायला हवा यावर एकमत व्हायला दहा मिनिटं लागत नाहीत. मग विषय निघतो, कुठल्या बाजूचा गडगा मागं घ्यायचा. इथून पुढे सगळ्यांना एकदम आठवतं की उद्या मोदक आहेत, लवकर उठायचंय. आमचे थोरले काका, गिरणी बंद झाल्यावर गावी परतलेले, या बैठकीचे कायमचे अध्यक्ष. उजवीकडची बाजू त्यांच्या वाटणीत, डावी आमच्या. त्यांचं भाषण ठरलेलं. ‘रस्तो होऊक होयो, माझी ना नाय. पण गडगो हलूचो नाय. माझ्या आजयान रचलेलो आसा.’ मुंबईहून फोनवर ‘काका, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारे सगळे पुतणे समोर बसले की ‘काका म्हणतात त्यातही तथ्य आहे’ म्हणतात.

सरांनी मधे एक व्यवहारी सूचना केली होती. तुझी गाडी विकून चार मीटरच्या आतली घे, कर कमी, हप्ता कमी. मी पट्टी घेऊन त्यांना दाखवलं. चार मीटरच्या आतली गाडी घेतली तरी रुंदी फारशी कमी होत नाही, कारण कर लांबीवर आहे म्हणून कंपन्यांनी जी काय कात्री लावली ती शेपटीला लावली, बरगड्यांना नाही. सरांनी पट्टीकडे बघितलं आणि पेपर उचलला.

तर गाडी चव्हाट्यावरच राहते. देवळाच्या पिंपळाखाली. त्यामुळे तिच्यावर कावळ्यांचा हक्क आहे आणि जत्रेत दुकानं लागली की ती शाळेच्या पटांगणात जाते. वाडीतली पोरं तिच्या धुळीवर बोटानं जे लिहितात त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी सकाळी ओल्या फडक्यानं पुसते. कधी दुरुस्तही करते.

दिवाळीत काकांच्या कल्याणच्या मुलानं गाडी घेतली. हीच, पांढरी, चाकं आणखी मोठी, छताला तोच झरोका, आणि चाळीस टक्क्यांत. काकांनी फोनवर मला एव्हरेज विचारलं. मी अठरा सांगितलं. परवा सकाळी काका स्वतः पाणंदीतून आमच्या अंगणात आले, हातात सुताराची पट्टी. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘सूनबाय, पोरगो मे महिन्यात गाडी घेवन येतलो. आता गडगो मागे घेवक होयो.’

मी म्हटलं, ‘खंयचो, काका?’

‘तुमचो,’ काका म्हणाले. ‘फणसाकडे दीड हात पुरे. मी मोजलंय.’