प्रौढ जलतरणपटूंना हवी हक्काची एक लेन

पिंपरी, प्रतिनिधी

सन २०२५ मध्ये चिखलीचे नाव दोनदा राज्यभर गाजले. फेब्रुवारीत कुदळवाडीतील भंगार गोदामे आणि पत्राशेड महापालिकेने हटवली. मे महिन्यात इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले. काठ काही प्रमाणात मोकळा झाला, नदी मात्र रहिवाशांना परत मिळाली नाही. देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान वसलेल्या टाळगाव चिखलीसारख्या गावांतील जुन्या पिढ्या पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून नदी-विहिरीतच पोहायला शिकल्या. त्याच इंद्रायणीवर आता सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगताना दिसतो. पोहणे त्यामुळे तिकीट काढून पाऊण तासात उरकण्याची गोष्ट झाली आहे. मुलांसाठी उन्हाळी शिबिरे आहेत, स्पर्धेत उतरणाऱ्या कुमारांसाठी क्लब आहेत. चाळिशीतल्या माणसाने मात्र गर्दीतून वाट काढत एकट्याने चार फेऱ्या मारायच्या आणि महिनाभरात कंटाळून सोडून द्यायचे, असा शिरस्ता पडला आहे.

या कंटाळ्यावरचा उपाय इतरत्र अर्धशतकापूर्वीच सापडला आहे. मे १९७० मध्ये अमेरिकेतील अमॅरिलो येथे प्रौढांसाठी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि तेथून ‘मास्टर्स’ जलतरणाची चळवळ पसरली. जागतिक पातळीवर २५ वर्षांपुढील कोणालाही पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत त्यात भाग घेता येतो. भारतातही राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती मंगळूरला झाली. मात्र पदकांपेक्षा महत्त्वाची असते ती आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वेळी एकत्र पोहण्याची शिस्त.

असा संघ सुरू करण्यासाठी नवा तलाव लागत नाही. भोसरी, नेहरूनगर, प्राधिकरण, कासारवाडी येथे महापालिकेचे तलाव आहेत. चिखली-मोशी पट्ट्यातील नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींतही निळ्याशार तलावाचे चित्र हमखास असते. प्रत्यक्षात त्यांतील अनेक तलाव वाटोळे आणि जेमतेम दहा-बारा मीटरचे असतात. आठ-दहा हात मारले की भिंत येते. तेथे पोहायला शिकता येईल, सराव करता येणार नाही. सरावासाठी किमान २५ मीटरची सरळ लांबी, दोरीने आखलेली लेन आणि एक घड्याळ हवे.

महापालिकेकडे लेन मागितली की ‘पाच जणांसाठी बाकीच्यांची जागा अडवायची का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. गणित असे आहे. २५ मीटरला ३० सेकंद घेणारा पोहणारा एका मिनिटात जाऊन परत येतो. सर्वांनी लेनच्या एका कडेने जायचे, दुसऱ्या कडेने यायचे आणि दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटायचे, असा नियम पाळला तर पाच जण एकमेकांना न धडकता पोहू शकतात. साडेबारा मीटर रुंदीच्या तलावात अशा पाच लेन बसतात, म्हणजे एकूण पंचवीस माणसे. एप्रिल-मेच्या बॅचमध्ये याहून कितीतरी अधिक लोक पाण्यात असतात. त्या दिवसांत लेन मागणे अन्यायाचेच ठरेल. म्हणून संघाची सुरुवात करायची ती जुलैत. शाळा भरतात, पाऊस लागतो, तलाव ओस पडू लागतात. त्या काळात नियमित शुल्क भरणारे पंधरा-वीस प्रौढ महापालिकेलाही नकोसे वाटू नयेत.

पाण्याचा मुद्दा याहून नाजूक आहे. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. आंद्रा धरणाचे पाणी निघोजे येथे इंद्रायणीतून उचलून ज्या केंद्रात शुद्ध केले जाते, ते केंद्र चिखलीतच आहे. वर उल्लेखलेला तलाव सरासरी दीड मीटर खोल धरला तर त्यात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी मावते. मात्र हे पाणी रोज बदलले जात नाही, गाळून पुन्हा वापरले जाते. बाष्पीभवन आणि गाळणी धुण्यापुरती भर घालावी लागते, आणि संघ आला म्हणून ती फारशी वाढत नाही. देखभाल मात्र चोख हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन सकाळी पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

औद्योगिक पट्ट्याची खरी अडचण पाळ्यांची आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत एका आठवड्यात पहिली पाळी असलेला कामगार पुढच्या आठवड्यात दुसरीला जातो. संघ केवळ सकाळचा ठेवला तर निम्मे सदस्य आठवड्याआड गळतील. तोच सराव सकाळी आणि सायंकाळी असा दोनदा ठेवला तरच संघ टिकेल. आयटीतील नोकरदारांपुरता संघ काढणे सोपे आहे, पण ते चिखलीचे प्रतिनिधित्व करणारे नसेल. महिलांची स्वतंत्र बॅच एकच असेल, तर तीतही एक लेन याच पद्धतीने राखता येईल.

प्रारंभी सलग १०० मीटर न थांबता पोहता येणे एवढीच अट पुरेशी आहे. चाळिशीपुढील सदस्यांनी रक्तदाब व हृदयाची तपासणी करून घ्यावी. पाऊण तासात २०० मीटर सावकाश, मग ५० मीटरच्या बारा फेऱ्या मधल्या विश्रांतीसह आणि शेवटी पुन्हा २०० मीटर, असे एक किलोमीटर होते. जीवरक्षकाकडून प्रशिक्षकाचे काम करून घेण्याची काटकसर मात्र टाळावी. त्याची नजर साऱ्या तलावावर असायला हवी.

मोठेपणी पाण्यात उतरून काय साधते, याचे उदाहरण याच शहराने पाहिले आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर मुळात मुष्टियोद्धे. ते नंतर जलतरणाकडे वळले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली. २०२४ मधील चित्रपटामुळे हे नाव घरोघरी पोहोचले, तरी मोठ्यांनी पोहायला शिकावे कुठे, हा प्रश्न तेथेच राहिला.

मास्टर्सच्या जागतिक नियमांत रिलेचा गट चारही सदस्यांच्या वयांची बेरीज करून ठरतो. पाळीवरचे बेचाळिशीतले तिघे आणि साठी गाठलेला एक निवृत्त फिटर असा चमू चिखलीतून उभा राहिला, तर बेरीज १८६ होते आणि तो १६० ते १९९ च्या गटात बसतो.