कंपनीचं वर्कशॉप की नाक्यावरचं गॅरेज?



या अंकाचं संपादकीय गाडीच्या दुरुस्तीवर आहे हे पाहून काहीजणींना नवल वाटेल. घरातली मारहाण, हुंडा, जमिनीवरचा हक्क, ऊसतोड बायकांचं आरोग्य हे आपले विषय. त्यात क्लचप्लेट आणि ब्रेक कुठून आले? पण गेल्या काही वर्षांत आपल्या कामाचा मोठा भाग चाकांवर गेला आहे. गटांच्या जीपा आहेत. आशाताई, नर्सबाई, शिक्षिका, बचतगटांचं काम पाहणाऱ्या कार्यकर्त्या स्कूटीवर गावं पालथी घालतात. काहीजणींनी कर्ज काढून स्वतःची चारचाकी घेतली आहे. गाडी चालवायला आपण शिकलो, त्याचं कौतुकही झालं. ती बिघडली की मात्र आपण पुन्हा कुणातरी पुरुषाला फोन लावतो. याबद्दल आपल्या बैठकांत चर्चा होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके. शेवटची एसटी निघून गेली की वाडी-तांड्यावरच्या बाईला जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यायचं तर आपलीच गाडी. रात्री मारहाण झालेल्या बाईला पोलीस ठाण्यात न्यायचं तरी तीच. धारूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक लागला पाहिजे. म्हणून ही दुरुस्ती म्हणजे हौस नाही. आणि तिचा पैसा म्हणजे वर्गणीचा, देणगीचा, कुणाच्या तरी घामाचा पैसा.

आमच्या गटाची जीप बारा वर्षांची आहे. मागच्या मासिक बैठकीत तिच्या दुरुस्तीवरून दोन तट पडले. निम्म्याजणी म्हणाल्या, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच टाका. पक्कं बिल मिळतं, हिशेबनीस कटकट करत नाही, आणि सामान खरं मिळतं. उरलेल्या म्हणाल्या, बसस्टँडमागचा आपला मिस्त्री बरा. निम्म्या पैशांत काम करतो, रात्री फोन केला तर येतो, आणि गाडी डोळ्यांदेखत उघडतो. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पण त्यानंतर एकेकीने आपले अनुभव सांगायला सुरुवात केली, तेव्हा वादाचं तोंडच बदललं.

एकीने सांगितलं, वर्कशॉपच्या काचेच्या केबिनमधला तरुण मुलगा अंदाजपत्रक करताना तिला म्हणाला, "मॅडम, सरांचा नंबर द्या ना, त्यांना समजावून सांगतो." गाडी तिच्या नावावर, हप्ते तिच्या पगारातून. दुसरीने सांगितलं, गॅरेजमधला मिस्त्री तिला प्रेमाने म्हणाला, "ताई, ऊन लै झालंय, तुम्ही सावलीला बसा. मालकांना पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो." एकाच्या अंगावर इस्त्रीचा गणवेश, दुसऱ्याच्या हाताला ग्रीस. पण दोघांचं म्हणणं एकच. बाईला यातलं काय कळतं?

याचा थेट संबंध पैशांशी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बायका आणि पुरुषांनी कितीतरी गॅरेजना फोन करून एकाच गाडीचा रेडिएटर बदलायचा भाव विचारला. भाव ठाऊक नसल्याचं जाणवलं, तेव्हा बायकांना पुरुषांपेक्षा जास्त भाव सांगितला गेला. पण "इतके लागतात असं ऐकलंय" असं म्हणून बाजारातला बरोबर आकडा सांगितल्यावर बाई-पुरुषातला फरक उरलाच नाही. इतकंच नव्हे, कमी करा म्हटल्यावर पुरुषांपेक्षा बायकांना जास्त वेळा भाव कमी करून मिळाला. म्हणजे जादा भाव ज्यामुळे लागतो ते अज्ञान, आणि ते जाण्याजोगं आहे.

आपल्याकडे तर ही गोष्ट गाडीपुरती नाही. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. बाईचं शरीर म्हणजे यंत्र नव्हे, आणि या दोन गोष्टी एका तागडीत घालायच्या नाहीत. पण "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितल्यावर कागद मागायचा, दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं हे बळ कितीजणींकडे होतं? का, किती, दुसरा उपाय आहे का, हे विचारायची सवय लहानसहान ठिकाणी लागली तर मोठ्या ठिकाणी कामाला येते. गॅरेज हे असंच एक लहान ठिकाण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कुठे जायचं?

गाडी वॉरंटीत असेल, तर ठरलेल्या किलोमीटरला होणारी सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करावी आणि पुस्तिकेत शिक्का घ्यावा. १ एप्रिल २०२० नंतर नोंदलेल्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि संगणकाचा कारभार मोठा आहे. डॅशबोर्डवर दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय खोड कळत नाही. ज्या गॅरेजकडे स्कॅनर नाही, तिथे अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्यात पैसा जातो. कंपनीने एखाद्या मॉडेलमधला मूळ दोष मान्य करून गाड्या परत बोलावल्या असतील, तर ते काम कंपनीनेच फुकट करायचं असतं. गाडी जुनी असली तरी चौकशी करावी.

उलट, वॉरंटी संपलेल्या जुन्या जीपचं ऑइल, ब्रेक-लायनर, क्लच, पाटे, बेअरिंग, पंक्चर, वेल्डिंग ही कामं चांगला मिस्त्री उत्तम करतो. आपल्या रस्त्यांवर पाटे का मोडतात, उसाच्या ट्रॅक्टरमागून धुळीत चालल्यावर एअर फिल्टर किती लवकर तुंबतो, हे त्याला पुस्तक न वाचता ठाऊक असतं. शिवाय काही कंपन्यांचं वर्कशॉप गाठायला छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. आष्टीवाल्यांना अहिल्यानगर, अंबाजोगाईवाल्यांना लातूर जवळ पडतं. डिझेल, एक दिवसाचा रोज आणि रखडलेलं काम हिशेबात धरलं, तर महाग-स्वस्ताचं गणित फिरतं.

मग सगळ्यांनाच कंपनीची भीती का वाटते? "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली," असं सांगितलं जातं म्हणून. यावर एक महत्त्वाचा निकाल झालेला आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात मिळू न देऊन कंपन्या बाहेरच्या गॅरेजची वाट अडवतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली, दंड कमी झाले, काही प्रकरणं कोर्टात गेली. पण मुद्दा मांडला गेला. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस संकेतस्थळ सुरू केलं. त्यात मोबाईल आणि शेती अवजारांबरोबर मोटारीही आहेत. लहान गॅरेज जगणं हा आपलाही प्रश्न आहे. तिथे आपल्याच वस्तीतली पोरं काम शिकतात, आणि तीच मोडीत निघाली तर उद्या आपल्याला निवड उरणार नाही.

पण मिस्त्री आपला म्हणून डोळे मिटायचे नाहीत. गॅरेजमध्ये खोक्यावर कंपनीचं नाव आणि आत भलताच भाग, हेही होतं. सामान साधारण तीन तऱ्हेचं असतं. एक गाडीच्या कंपनीच्या नावाने विकलं जाणारं. दुसरं, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेलं. ते बऱ्याचदा तितकंच चांगलं आणि स्वस्त असतं. तिसरं नकली. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांत तिसऱ्याला थारा नाही, मग कितीही स्वस्त असो. वेष्टनावर कमाल किंमत छापलेली असते, ती वाचावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुनी किंमत सांगितली तर विचारावं. आणि बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. लहान गॅरेजची नोंदणी नसेल तर त्याला हा कर घेता येत नाही. पण तारीख, गाडी नंबर, भाग, मजुरी असं लिहिलेलं, सही केलेलं साधं बिल तो देऊ शकतो. कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानायचं नाही.

दोन्हीकडे लागू पडतील अशा काही गोष्टी आम्ही बैठकीत ठरवल्या. गाडी देताना जॉबकार्डवर मोबाईल नंबर आपलाच लिहायचा, कारण जादा कामाची परवानगी त्याच नंबरवर विचारली जाते. अंदाज लेखी घ्यायचा आणि विचारल्याशिवाय जादा काम करू नये असं त्यावर लिहायचं. बदललेले जुने भाग परत मागायचे. आणि प्रत्येक भागापुढे "का?" विचारायचं. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून झिजलेली प्रेशर प्लेट आणि बेअरिंग त्याच वेळी बदलली तर पुढची मजुरी वाचते. हे नीट सांगितलं तर कुणालाही पटतं. सांगितलंच नाही तर तीच यादी लुबाडणूक वाटते. जो समजावून सांगतो तो आपला, मग तो काचेच्या केबिनमध्ये असो की पत्र्याच्या शेडमध्ये.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दराची वही. एकटी बाई विचारते तेव्हा तिला भाव ठाऊक नसतो. पण दहा गटांनी आपापली बिलं एका वहीत उतरवली, कोणतं काम, कुठली गाडी, कुठे केलं, सामान किती, मजुरी किती, किती दिवस टिकलं, तर वर्षभरात सगळ्या जिल्ह्याचा भाव आपल्या हातात येतो. बचतगटाच्या वहीने आपल्याला सावकाराचं व्याज मोजायला शिकवलं. ही त्याच जातीची वही आहे. तरीही फसवणूक झालीच, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही बोलता येतं. मात्र तिथे कागदच बोलतो. बिल नसेल तर तक्रारीला पाय नाहीत.

शेवटी एक प्रश्न. जिल्ह्यातल्या गॅरेजमध्ये पान्हा धरलेली बाई तुम्ही पाहिली आहे का? शेजारच्या परभणीहून पुण्याला गेलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली रिक्षा चालवायला घेतली, तेव्हा बाईने रिक्षा चालवणं लोकांच्या कल्पनेतही नव्हतं. आज तसं वाटत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. मुलींसाठी जागा राखीव असतात, पण आपण आपल्या मुलींना शिवण आणि ब्यूटी पार्लरच्याच रांगेत उभं करतो. पुढच्या प्रवेशाच्या वेळी प्रत्येक गटाने निदान एका मुलीच्या घरी जाऊन याबद्दल बोलावं, असं मला वाटतं. दुकान कुणाचं निवडायचं हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. दुकान चालवणाऱ्यांत आपण कुठे आहोत, हाही तितकाच महत्त्वाचा.

वहीच्या पहिल्या पानासाठी तुमच्याकडच्या मागच्या तीन बिलांची माहिती पुढच्या अंकापूर्वी पाठवा. वर्कशॉपचं असो की गॅरेजचं, आकडा खरा हवा. चांगला अनुभव आला असेल तर तोही कळवा. नीट काम करून नीट बोलणाऱ्या मिस्त्रीची खबर एकमेकींना देणं, हेही संघटनेचंच काम आहे.

— संपादक